नाव झाकलं, गाव उघडं

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये एखाद्या म्हातारीची शीर शोधायला बाही वर सारली की बऱ्याचदा गोंदण दिसतं. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, कोपराच्या आत भावाचं नाव, कधी तिचं स्वतःचंच नाव, लहानपणी जत्रेत हरवली तर कळावं म्हणून आईने काढून घेतलेलं. समजा, त्या हातावर घोणस चावल्याची सूज आहे, कोपरापर्यंत चढलेली, फोड आलेले. शिकण्यासारखी गोष्ट आहे. इंटर्नचा फोन खिशातून बाहेर येतो. चेहरा घ्यायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो फक्त हात घेतो. नाव लिहीत नाही. खाली एवढंच टाकतो, की उसाच्या फडात चावला, सहा तासांनी आणली. स्टेटस पाहणाऱ्यांत एक वर्गमित्र मोहोळचा असतो, त्याच्या चुलतभावाच्या ग्रुपवर तो फोटो जातो, आणि रात्रीच्या आत म्हातारीच्या भाच्याच्या हातात पोचतो. भाच्याला नाव वाचावं लागत नाही. आत्याचा हात तो ओळखतो.

गोपनीयता पाळणं म्हणजे नाव न लिहिणं, ही समजूत आपल्या पेशात फार खोल रुजली आहे. मोठ्या, अनोळखी महानगरात ती कदाचित खपून जात असेल. सोलापुरात खपत नाही. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं भरलेलं हे शहर नात्यागोत्यांनी गावासारखंच बांधलेलं आहे. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरांत एका गल्लीतली सोयरीक दुसऱ्या गल्लीत झालेली असते. विडी कामगारांच्या वसाहतीतली, म्हणजे विडी घरकुलातली एखादी बाई ॲडमिट झाली की ती कोणत्या वॉर्डात आहे हे शेजाऱ्यांना दुपारपर्यंत कळतं. अक्कलकोटकडून कन्नड बोलणारे पेशंट येतात, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून येतात, आणि एकेका पेशंटमागे गाडी भरून माणसं येतात. इथे माणूस नावापेक्षा 'कुणाचा कोण' यावरून जास्त ओळखला जातो. आपण नाव झाकतो आणि 'कुणाचा कोण' तसंच उघडं ठेवतो.

ते कसं, हे एका कल्पित पोस्टवर बघू. 'काल रात्री मंगळवेढा तालुक्यातून २६ वर्षांची पहिलटकरीण आली. जुळी होती. एकच वाचवता आलं.' पोस्ट मनापासून लिहिलेली आहे, लिहिणाऱ्याला खरोखर वाईट वाटलं आहे. पण तालुका सांगितला तिथेच जिल्ह्यातले बाकीचे दहा तालुके गळले. वय सांगितलं, पहिली खेप सांगितली, चाळणी बारीक झाली. 'जुळी' आणि 'काल रात्र' हे शब्द आले तेव्हा चाळणीवर एकच घर उरलं. त्या घरात अजून सुतक आहे, आणि गावातल्या फोनवर ती पोस्ट आली आहे.

म्हणून लिहिण्याआधीची कसोटी ही असावी: पेशंटच्या सख्ख्या बहिणीने हे वाचलं, तर तिला कळेल का? कळणार असेल तर अजून गाळायला हवं. नेमकं वय गाळून 'चाळिशीतली' म्हणता येतं. तालुका आणि गाव तर कधीच लागत नाही. धंदा तेवढा आजाराच्या कारणाशी जोडलेला असेल तरच ठेवावा. यंत्रमागावरच्या कापसाच्या धुळीने दमा वाढला असेल तर माग सांगावाच लागेल, पण मग वय आणि भाग दोन्ही सोडून द्यावेत. सगळ्यांत जास्त ओळख पटवते ती तारीख. आज घडलेलं आज लिहिलं की वाचणारा आजच्या घटनांशी जुळवून बघतो. तीच गोष्ट सहा महिन्यांनी लिहिली तर तिच्यातलं शिकण्यासारखं काहीही कमी होत नाही. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलू मात्र नयेत. बाईचा पुरुष केला, उजव्याचं डावं केलं, औषधाचा डोस हलवला, की वाचणारा विद्यार्थी चुकीचं शिकतो. गाळता येईल तेवढं गाळावं, आणि गाळल्यावर गोष्टच उरत नसेल तर ती गोष्ट सांगायची नव्हती असं समजावं.

कायदाही शेवटी ओळखीपाशीच येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंटकडून कळलेलं गुपित उघड करायला मोजकेच अपवाद ठेवले आहेत: न्यायाधीशांचा आदेश, ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि नेमका धोका, आणि शासनाला कळवणं बंधनकारक असलेले आजार. फोटो आणि केस रिपोर्टबद्दलचं कलम म्हणतं, की ओळख पटेल अशा रीतीने ते परवानगीशिवाय छापू नयेत. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. या दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन खूप काही पोस्ट केलं जातं. पण ओळख पटेल की नाही हे मुंबईत बसून ठरवता येत नाही. पेशंट ज्या गल्लीत परत जाणार आहे, त्या गल्लीतल्या माणसांच्या डोळ्यांनी ते ठरवावं लागतं. चरकसंहितेच्या 'विमानस्थान' या भागात शिष्याला केलेल्या उपदेशात आतुरकुलाच्या, म्हणजे रुग्णाच्या घरादाराच्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत असं सांगितलं आहे. एकट्या रुग्णाचं सांगून तो उपदेश थांबलेला नाही, घर त्यात धरलेलं आहे.

त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम अधिसूचित केले, त्यात सोशल मीडियावरच्या वागणुकीचा स्वतंत्र भाग होता. पेशंटचे फोटो आणि स्कॅन टाकू नयेत, सार्वजनिक पोस्टखाली औषध लिहून देऊ नये, लाइक्स आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, पेशंटकडून शिफारशी मागू नयेत असं त्यात होतं. २३ ऑगस्टला ते सगळेच नियम स्थगित झाले आणि २००२ चे पुन्हा लागू झाले. स्थगिती मिळाली म्हणजे मोकळीक मिळाली असं काहींनी मानलं. स्थगितीने शिक्षेची बाजू थांबली असेल. त्या भागात लिहिलेलं शहाणपण थांबायचं कारण मला तरी दिसत नाही.

काही ठिकाणी मात्र कायदा अगदी कडक आहे आणि तिथे कसोट्या लावत बसूच नये. एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती, २०१७ चा कायदा. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती, तोही २०१७ चाच कायदा. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील, २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत. गर्भाच्या सोनोग्राफीच्या बाबतीत गर्भलिंग निदानाचा कायदा शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे लिंग सांगायला बंदी करतो, म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यासमोर निळ्या-गुलाबी बदामांचं रील करण्याचा विचारही मनात आणू नये.

आता झाकण्याची रीत. इथे चुका हेतूतून होत नाहीत, फोन कसा चालतो हे माहीत नसल्याने होतात.

फोनच्या गॅलरीतल्या मार्कर पेनने नावावर काळं फासलं जातं. अनेक फोनमधलं ते पेन हायलायटरसारखं अर्धपारदर्शक असतं. डोळ्यांना काळं दिसतं, पण कुणी ब्राइटनेस पूर्ण वाढवला की खालची अक्षरं वर येतात. त्यामुळे भरीव चौकोन वापरावा, आणि झाकल्यावर त्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून तो स्क्रीनशॉट पाठवावा. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर तसाच असतो, कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. सेमिनारच्या पीपीटीत एक्स-रे क्रॉप करून नाव बाहेर टाकलेलं असतं; ते बाहेर गेलेलंच नसतं. पॉवरपॉइंट मूळ चित्र फाइलमध्ये जपून ठेवतं, कुणीही क्रॉपची कड ओढली की पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक परत हजर. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन कापलेला भाग डिलीट करण्याचा पर्याय निवडल्याशिवाय ती पीपीटी बॅचच्या ग्रुपवर टाकू नये. सीटी, एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइलमध्ये तर नाव, जन्मतारीख, रुग्णालय हे चित्रासोबत आत लिहिलेलंच असतं. चित्रावरचं पुसून ते जात नाही.

डोळ्यांवरची काळी पट्टी तर विसरूनच जावी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ती अपुरी आहे असं केव्हाच नमूद केलं आहे, आणि नाकाची चमकी, हनुवटीवरचा तीळ, कपाळावरचं गोंदण पाहून माणूस ओळखणाऱ्या आपल्या लोकांपुढे तिचा काय टिकाव लागणार. चेहऱ्याशिवाय ओळख पटवणाऱ्या जागा वेगळ्याच असतात: हातातला चुडा, पायातली जोडवी, पांघरलेली घरची चादर, कॉटच्या दांडीला अडकवलेला केसपेपर, मागच्या फळ्यावर खडूने लिहिलेली बेड नंबर आणि निदानांची यादी. सलाइनच्या बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर नाव असतं, रक्ताच्या पिशवीवर असतं. व्हिडिओत याशिवाय आवाज येतो. इंटर्न आपल्या ड्यूटीचं रील काढत असतो आणि मागे सिस्टर दुसऱ्याच पेशंटला नावाने हाक मारून थुंकीचा रिपोर्ट घ्यायला बोलवत असतात. आयफोनचा लाइव्ह फोटो चालू असेल तर बटण दाबण्याच्या आधीचा आणि नंतरचा दीड सेकंद, आवाजासकट, त्यात येतो.

फोटो निघाला की तो कुठे कुठे जातो याचाही माग ठेवायला हवा. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर वॉर्डातला फोटो घरच्या टॅबवर, आईच्या हातात, मुलांच्या हातात जातो. डिलीट केला तरी बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो, तिथूनही काढावा लागतो. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमधली मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली नाही तर ग्रुपवर आलेली प्रत्येक जखम आपल्या गॅलरीत घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी येऊन बसते. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ लिहिलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती बहुतेक गळते, पण 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की तशीच्या तशी जाते. आणि हॉस्टेलच्या कॉमन लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलेलं असेल, तर वरची सगळी खबरदारी पाण्यात. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी आठवड्यातून एकदा बघावी, सहा अंकी पिन लावून ठेवावा.

इतकं वाचून कुणी म्हणेल, की मग फोन वॉर्डात आणूच नये. तसं अजिबात नाही. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या डॉक्टरने छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी सोलापुरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवणं हा व्हॉट्सॲपचा उत्तम उपयोग आहे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तिथेच द्यायचं की गाडीत घालून पाठवायचं हे काही मिनिटांत ठरतं, आणि हृदयाच्या स्नायूचं भवितव्य त्या मिनिटांवर असतं. फक्त ते नीट करायला हवं, आणि इथे गोपनीयतेपेक्षाही मोठा धोका दुसरा आहे: चुकीच्या पेशंटचा ईसीजी.

चाळीस डॉक्टरांच्या ग्रुपवर दहा मिनिटांत दोन ईसीजी येतात. दोन्हींवर नाव नाही, कारण सगळ्यांनी गोपनीयतेचं व्याख्यान ऐकलेलं आहे. वरून उत्तर येतं, 'लायसिस करा', म्हणजे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्या. कुणाला? ज्याची नस बंद नाही त्याला ते इंजेक्शन गेलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ग्रुपवर न टाकता एकाच तज्ज्ञाला थेट पाठवावं. मशीन कागदाच्या वरच्या कडेला नाव छापतं, ती कड मागे दुमडावी आणि मग फोटो घ्यावा. कागद सपाट टेबलावर, दिव्याची तिरीप नको, बाराच्या बारा लीड दिसल्या पाहिजेत, आणि कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर व एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची ही खूणही दिसली पाहिजे; ती कापली गेली तर अर्ध्या उंचीवर काढलेला ईसीजी नॉर्मल वाटून जातो. फोटोखाली वय, स्त्री की पुरुष, दुखणं कधी सुरू झालं, ईसीजी किती वाजता काढला आणि केसपेपरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे लिहावेत. नाव फोनवर बोलून सांगावं. तज्ज्ञानेही उत्तर देताना तेच तीन आकडे आधी लिहावेत, मग सल्ला. सल्ला केसपेपरवर उतरवून घ्यावा, वेळ टाकावी, आणि मग दोन्ही फोनमधून चित्र काढून टाकावं. चित्र व्हॉट्सॲपवर, नाव आवाजात, नोंद कागदावर: असं तीन ठिकाणी वाटून ठेवलं की एखादा फोन हरवला तरी पेशंट उघडा पडत नाही, आणि कुणाचं औषध कुणाला जात नाही.

पेशंट किंवा नातेवाईक थेट रिपोर्ट पाठवतात तेव्हा २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. समोरचा कोण, वय काय, हे विचारून खात्री करणं, बोललेल्याची नोंद ठेवणं, प्रिस्क्रिप्शनवर आपला नोंदणी क्रमांक असणं हे त्यात आलं. मेहुण्याने मेहुणीचा रिपोर्ट पाठवला तर उत्तर मेहुण्याला देऊ नये. 'त्यांना स्वतः फोन करायला सांगा' एवढंच लिहावं. नात्यांच्या शहरात हे एक वाक्य लिहायला जड जातं, पण लिहायलाच हवं.

वैद्यकीय विद्यार्थ्यांबद्दल लिहिताना मला पहिल्यांदा डिसेक्शन हॉल आठवतो. पांढरा कोट नवा असतो, गावाकडे सगळ्यांना सांगायचं असतं, मुलगा डॉक्टर होतोय. तो आनंद खरा आहे आणि त्याला फोटो हवा असणंही साहजिक आहे. पण टेबलावर जो देह आहे, तो बऱ्याचदा याच जिल्ह्यातल्या कुटुंबाने दिलेला असतो. देहदानाचा फॉर्म भरताना त्या माणसाने शरीर शिकायला दिलं, दाखवायला दिलेलं नव्हतं. मुलांना मृत वडिलांचा कान, पायाचं वाकडं बोट, शस्त्रक्रियेचा जुना व्रण आयुष्यभर आठवतो. मागे टेबलाचा कोपरा दिसतोय, देह धूसर आहे, असं म्हणून टाकलेल्या फोटोत तेवढं पुरतं. एका फोटोने एखाद्या घरात देहदानाचा विषय कायमचा बंद होतो, आणि पुढच्या बॅचला टेबल रिकामं मिळतं. कोटातला फोटो कॉलेजच्या पायऱ्यांवर काढावा. अभ्यासासाठी घेतलेल्या हाडांच्या संचातली, बोनसेटमधली कवटीही कुणाची तरीच आहे. तिला गॉगल घालू नये.

क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाल्यावर मोह बदलतो. आता दुर्मीळ केस दिसतात. रेबीज झालेल्या माणसापुढे पाण्याचा पेला धरून त्याच्या घशाच्या आचक्यांचं चित्रीकरण करणं, विकृती घेऊन जन्मलेल्या बाळाचा फोटो, विष घेतलेल्या मुलीच्या नळीसह असलेला फोटो. यातलं प्रत्येक चित्र पाठ्यपुस्तकात आधीच आहे. आपण नव्याने काढतो ते फक्त त्या माणसाची असहायता. पेशंटच्या बोलीची, त्याच्या तेलुगू किंवा कन्नड वळणाच्या मराठीची नक्कल करणारे रील्सही याच जातीचे. तो माणूस आपली भाषा सोडून डॉक्टरला समजावं म्हणून तिसऱ्या भाषेत दुखणं सांगत असतो.

छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर, पहाटे तीनला, नातेवाइकांनी आरडाओरडा केल्यावर लिहिलेली पोस्ट वेगळी असते. तो राग समजण्यासारखा आहे आणि निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांबद्दल, अपुऱ्या खाटांबद्दल, सुरक्षेबद्दल बोललंच पाहिजे. तेव्हा ती लिहावी, ड्राफ्टमध्ये ठेवावी, झोपावं, आणि उठल्यावर तिच्यातून पेशंट काढून टाकून व्यवस्थेबद्दलचं तेवढं ठेवावं. राग योग्य असला तरी काय निसटू शकतं ते कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार आणि खून झालेल्या निवासी डॉक्टरसाठी न्याय मागताना तिचं नाव आणि फोटो इतके फिरले, की सर्वोच्च न्यायालयाला २० ऑगस्टला ते सगळीकडून काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला.

संमती घेतली की झालं, असंही नाही. शासकीय रुग्णालयातला पेशंट डॉक्टरला 'नाही' म्हणत नाही. औषध बंद होईल, बेड जाईल अशी भीती त्याच्या मनात असते, ती खोटी असली तरी असते. म्हणून विचारणारा उपचार करणारा नसावा. फॉर्म त्याच्या भाषेत हवा, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्याला मराठी फॉर्मवर अंगठा घेऊन उपयोग नाही. आणि अंगठा असेल तर साक्षीदार बाहेरचा हवा. शिकवण्यासाठी फोटो, नियतकालिकासाठी फोटो आणि इंटरनेटवर टाकण्यासाठी फोटो या तीन वेगळ्या परवानग्या आहेत, एका सहीत बांधू नयेत. जे चित्र टाकणार तेच त्याला दाखवावं, कारण 'हाताचा फोटो' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर जे येतं ते वेगळं असतं. 'एकदा गेलं की मलाही परत घेता येणार नाही' हे वाक्य त्याला स्पष्ट सांगावं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारावं. पहिल्या दिवशीचा होकार आदरापोटी असतो. माझं मत विचाराल तर इतकं सगळं करूनही इन्स्टाग्रामवर पेशंटचा फोटो टाकावा असं मला वाटत नाही. परवानगी देताना माणूस आजारी असतो. बरा झाल्यावर तो दुसराच माणूस असतो, त्याचं लग्न ठरायचं असतं, त्याला नोकरी मिळवायची असते.

डॉक्टरांनी बोलावं कशाबद्दल, याला मात्र अंत नाही, आणि सोलापूरला त्याची खरी गरज आहे. कुत्रा चावण्याचं उदाहरण घेऊ. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद लावायची नाही. हे एवढं साठ सेकंदांच्या व्हिडिओत नीट मावतं. घोटाळा होतो तो लशीपाशी. एक डॉक्टर चार वेळा या म्हणतो, दुसरा पाच वेळा, आणि बघणारा म्हणतो यांचंच एकमत नाही. दोघंही बरोबर असतात: कातडीत द्यायची लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर त्यात चौदावा दिवस वाढतो. व्हिडिओत हे सांगितलं नाही तर लोक शेवटचा डोस सोडतात. त्यातून पहिल्या सुईच्या दिवसाला डॉक्टर म्हणतात तो 'शून्यावा दिवस' हा शब्द घरात कुणालाच कळत नाही. त्याऐवजी वार सांगावेत: पहिली सुई सोमवारी घेतली तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी, स्नायूतली असेल तर त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी एक, शेवटची पहिल्या सुईनंतर चार आठवड्यांनी सोमवारीच. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, ते पहिल्याच दिवशी मागून घ्या हेही सांगावं. आणि पोटात चौदा इंजेक्शनं आता कुणी देत नाही हे पहिल्याच वाक्यात, कारण त्या भीतीनेच माणसं दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जातात.

असा व्हिडिओ एकदा मराठीत आणि एकदा तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याकडून करून घ्यावा. त्यावर तारीख टाकावी, म्हणजे दोन वर्षांनी फिरताना तो जुना आहे हे कळतं. आपली पदवी सांगावी. आरोग्याचा सल्ला देताना पात्रता उघड करावी असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंच आहे. कंपनीने पैसे दिले असतील तर 'जाहिरात' हा शब्द सुरुवातीलाच, मराठीत, वाचता येईल एवढा. खाली कुणी 'माझ्या मुलाला काल चावला, काय करू' असं विचारलं तर तिथे डोस लिहू नये, जवळचं सरकारी रुग्णालय गाठायला सांगावं. रक्ताच्या गरजेच्या पोस्टचंही असंच: रक्तगट, रक्तपेढी, तारीख आणि वेळ पुरते. पेशंटचं नाव, आजार आणि मुलीचा मोबाइल नंबर टाकला की गरज संपल्यावरही कितीतरी दिवस तिला अनोळखी फोन येत राहतात.

गूगलवर कुणी वाईट रिव्ह्यू लिहिला तर उत्तर द्यायला हात शिवशिवतात. 'तुम्ही औषधं वेळेवर घेतली नाहीत, बिलही थकवलंत' असं लिहिलं की आपण तो पेशंट होता हे कबूल केलं, त्याचं वागणं सांगितलं आणि पैशाची अडचणही चारचौघांत मांडली. 'आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं. रुग्णांची माहिती आम्ही इथे लिहीत नाही. कृपया रुग्णालयात येऊन भेटा' यापलीकडे एक शब्द नको. आधीच्या डॉक्टरने बिघडवलेली केस म्हणून व्यवसायबंधूचं काम दाखवायचंही टाळावं. त्याच्याकडे पेशंट रात्री दोनला, कुठल्या अवस्थेत गेला होता, हे एक्स-रेच्या फिल्मवर दिसत नसतं.

आणि चूक होऊन गेली तर? आधी पोस्ट काढावी. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला सुमारे अडीच दिवस मिळतात, स्टेटस लगेच काढता येतं, पण कुणी कुणी पाहिलं ती यादी काढण्याआधी बघून घ्यावी. ज्यांनी पाहिलं त्यांना वैयक्तिक निरोप द्यावा, की पुढे पाठवू नका आणि गॅलरीतूनही काढा. ग्रुपवर जाहीर माफी मागत बसू नये, त्याने ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही शोधायला लागतात. युनिट प्रमुखांना त्याच दिवशी सांगावं. ते दुसऱ्याकडून कळलं तर प्रकरण वाढतं. विद्यार्थी असेल तर आपल्या शिक्षकांना.

मग पेशंटला सांगायचं. हे टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, तिला कुठे कळणार आहे म्हणून. पण तिचा भाचा सायंकाळच्या भेटीच्या वेळेला येणार असतो आणि त्याच्या फोनवर तो हात असतो. त्याच्याआधी जावं. उभ्याने, राउंडच्या घाईत सांगू नये. स्टूल ओढून बसावं, तिला मराठी कमी समजत असेल तर तिच्या भाषेतली सिस्टर सोबत घ्यावी, फोटो तिला दाखवावा, तो कुठे गेला आणि कुठून काढला ते सांगावं, आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घ्यावं.